कुणाकडून आलं?

लेकीच्या आतड्यांना सारखी सूज यायची आणि आई आपल्याच हातच्या स्वयंपाकाला बोल लावत रात्र रात्र जागायची. शेवटी संशोधक डॉक्टरांनी तिघांचंही रक्त तपासलं. सदोष जनुक कुणाकडून आलं, ते ऐकायला बाप-लेक गेले.

घरी येताच बाप म्हणाला, "माझ्याकडून आलंय."

"आणि मी मेली इतकी वर्षं स्वतःलाच दोष देत होते! तुमच्या घराण्यानं माझ्या पोरीला हेच दिलं का?" तिनं त्याची उशी बाहेर भिरकावली, दार लोटलं आणि भरदुपारी गाढ झोपली.

लेक गोंधळली. "बाबा, डॉक्टर तर आईकडून म्हणाले ना?"

 

"हळू बोल गं," उशी उचलत तो म्हणाला, "किती वर्षांनी डोळा लागलाय तिचा."