फानीसचा डबा

यानिना ते अथेन्स ही बस मी चालवतो. आमचा मुलगा फानीस अथेन्सला शिकायला गेला, तेव्हापासून त्याची आई लांब्रिनी दर शुक्रवारी माझ्याबरोबर त्याला पालक भरून भाजलेल्या पीताचा डबा पाठवायची.

मार्चमध्ये आम्ही फानीसला गावात पुरलं. पुढच्या शुक्रवारी तिनं पुन्हा डबा माझ्या हातात दिला.

"गार होऊ देऊ नका हं."

मला नाही म्हणवलं नाही. अथेन्सला पोचलो की मी डबा भटक्या कुत्र्यांपुढे रिकामा करायचो आणि घरी येऊन सांगायचो, "पोरानं सगळं संपवलं."

काल दुपारी अथेन्सच्या स्टँडवर प्रवाशांचं सामान उतरवून वळलो, तर डबा जागेवर नव्हता. पार्सलच्या खिडकीत नवीनच लागलेली मुलगी होती. तिला विचारलं.

"तुमचा मुलगा आत्ताच घेऊन गेला की, काका," ती हसली. "चेहरा अगदी तुमचा. पण किती वाळलाय हो! आणि पाय मातीनं भरलेले."

"काही म्हणाला?" मी कसंबसं विचारलं.

"हो. म्हणाला, आईला सांगा, आता डबा नको पाठवू. गावाहून इथवर दर वेळी चालत येववत नाही."