भडक रंगांची बाग

चुडामण आबांनी जन्मभर वरणगावच्या फॅक्टरीत दारूगोळ्याच्या पेट्यांना मातकट हिरवा रंग मारला, त्यामुळे त्यांच्या चित्रातली बागही तशीच यायची. बायको चिडवायची, "बाग हाये का पेटी?" ती गेली, अंगण सुनं झालं, आणि आबा एकदम भडक रंगांवर आले. चित्रात बाग अशी फुलवायची की पुण्यातली लेक नातीला घेऊन धावत आली पाहिजे. जवळून नुसते गुलाबी, केशरी ठिपके; लांबून बहरच बहर. फोटो पाठवताच तिचा फोन आला. "आबा, काय रंग आहेत! मी उगाच काळजी करत होते. तुमचं मन रमलंय, मग सुट्टीत नाही आलो तर चालेल ना?" "चालीन ना," आबा म्हणाले, "इथं ऊनबी भलतं हाये." चित्रातल्या झोपाळ्यावर नातीपुरती जागा कोरी ठेवली होती. फोन ठेवून त्यांनी ती पिवळ्याधमक फुलांनी भरून टाकली.