बदलाचा क्षण

“कानातलं मशीन काढा आणि पुन्हा लावा, काका,” क्षितिजा म्हणाली. “पहिल्यांदाच लावताय असं.”

ती हातातल्या अर्जाकडे पाहत बोलली होती. काळूराम नुसताच तिच्याकडे पाहत राहिला.

“त्यांच्याकडे तोंड करून बोला,” चंद्रा म्हणाली. “मशीनने आवाज येतो, शब्द येतोच असं नाही. पॉवरलूमच्या खडखडाटात कोणाला काही ऐकू येत नाही. सगळे एकमेकांचं तोंड बघूनच बोलतात. दादांनी एकतीस वर्षं तेच केलंय.”

“अच्छा, इंटरेस्टिंग,” असे म्हणून क्षितिजाने पान उलटले. या माहितीसाठी अर्जात रकाना नव्हता.

बाकी सर्व गोष्टींसाठी रकाने होते. क्षितिजा जेथे नोकरीला होती त्या, दापोड्याच्या एका गोदामावर थाटलेल्या प्रतिष्ठानाने अनुदान मागणाऱ्या संस्थांना सव्वीस प्रश्न विचारले होते. चौदावा असा: आजवर किती लाभार्थी पूर्ण बरे झाले? धामणकर नाक्यावरच्या आपल्या श्रवणकेंद्राच्या वतीने चंद्राने तेथे शून्य लिहिले होते.

“शून्य बरं दिसत नाही, ताई.”

“लूमने गेलेला कान परत येत नाही. उरलेला वाचवता येतो, आणि मशीन असलं की माणूस घरात चार शब्द बोलतो. खाली लिहिलंय तसं.”

“खालचं कोणी वाचत नाही. सोळावा नीट झाला की चौदावा खपून जाईल.”

सोळावा प्रश्न प्रश्न नव्हताच. ‘बदलाचा क्षण’ असे शीर्षक, आणि खाली मागणी: नव्वद सेकंदांची चित्रफीत, लाभार्थ्याच्या चेहऱ्यावरील भाव स्पष्ट दिसावेत, अश्रू असल्यास उत्तम. हे शेवटचे तीन शब्द कोणीतरी टंकले होते, कोणीतरी तपासले होते, कोणीतरी मंजूर केले होते. आणि त्यांतल्या एकालाही त्या दिवशी जेवण नकोसे झाले नव्हते.

काळूरामच्या कानात ते यंत्र तीन वर्षांपासून होते.

“हे खोटं होईल,” चंद्रा म्हणाली.

“खोटं कसं?” भूपेशशेठ खुर्चीतून म्हणाले. गोदामे त्यांची, प्रतिष्ठान त्यांचे, अर्जावरची शेवटची सहीही त्यांचीच. “कधीतरी पहिल्यांदा लावलंच होतं ना? तेव्हा तुमच्याकडे कॅमेरा नव्हता, आज आमच्याकडे आहे. झालं.”

चंद्राच्या पिशवीत त्रेचाळीस नावांची यादी होती. त्रेचाळीस माणसे यंत्राची वाट पाहत होती. तिने काळूरामकडे पाहिले.

“काढतो की, ताई,” तो म्हणाला. “येवढी मानसं थांबल्यात. नाटक तं नाटक.”

पहिल्या खेपेला तो हसला. दुसऱ्या खेपेला डोळे कोरडे दिसले.

“नातीची आठवण काढा म्हणावं,” भूपेशशेठ म्हणाले. “नात नसेल तर गेलेली बायकोही चालेल.”

“बायको जिती हाय, शेठ. सकालीच भांडून आलोय.”

तिसऱ्या खेपेसाठी काळूरामची जाड बोटे पुन्हा कानाशी चाचपडू लागली. शेवटी चंद्रानेच हात पुढे करून ते यंत्र काढले, आणि दुसऱ्याच्या ताटातला घास उचलावा तशी तिला आपल्याच बोटांची किळस आली.

“पाच मिनिटं असेच बसू दे त्यांना,” भूपेशशेठ म्हणाले. “चेहरा आपोआप उतरेल.”

ते क्षितिजाला घेऊन काचेच्या केबिनमध्ये गेले. दार लागले. आतले बाहेर काही ऐकू येत नव्हते. बाहेर पंख्याची घरघर तेवढी होती. काचेपलीकडे भूपेशशेठ बडीशेप चघळत बोलत होते. ओल्या ओठांवर हिरवे कण चिकटत होते, जीभ ते टिपून घेत होती. तुटलेला धागा शोधताना लूमवर ठेवावी तशी नजर काळूरामने त्या ओठांवर ठेवली होती. पापणी हलत नव्हती. भूपेशशेठांनी म्हटल्याप्रमाणे त्याचा चेहरा खरोखरच उतरत गेला.

“काय झालं, दादा?” चंद्राने विचारले. तिच्याकडे पाहत नसल्यामुळे त्याला ते कळले नाही.

दोघे बाहेर आले. क्षितिजाने दिवा लावला, तिवईवरचा मोबाइल सुरू केला आणि या वेळी अगदी समोर उभी राहून, एकेक शब्द सुटा करीत म्हणाली, “आता मशीन लावा, काका. आणि कॅमेऱ्यात बघून सांगा, पहिलं काय ऐकू आलं.”

काळूरामने यंत्र तळहातावर घेतले. लावले नाही. कॅमेऱ्यात पाहून, लूम चालू असताना ओरडावे त्या आवाजात, तो एकेक वाक्य बोलत गेला.

“बहिऱ्यांना काय द्यायचं न्हाय. आंधला फोटोत दिसतो, लंगडा दिसतो, बहिरा दिसत न्हाय. म्हातारा रडंपरत फिलिम घे, आपल्या अहवालाला लागंल. मंग दोघांना चा पाज आन् वाटंला लाव.”

क्षितिजाचा हात मोबाइलपर्यंत गेला आणि तेथेच थांबला. लाल ठिपका लुकलुकत राहिला.

चंद्राने टेबलावरचा अर्ज उचलला आणि पिशवीत, यादीवर ठेवला.

“ताई, हे काय शिकवून आणलंत तुम्ही...” भूपेशशेठांनी सुरुवात केली. तेवढ्यात काळूरामची नजर आपल्या ओठांवर खिळली आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी घाईघाईने तळहात तोंडावर धरला.

“हात काढा, शेठ,” काळूराम म्हणाला. “आयकू येत न्हाय.”