मुठीतली कणीक

गावच्या भजनी मंडळाचा पखवाज ऐकायला एकेकाळी सगळ्या रिहे खोऱ्यातली माणसं चालत यायची. पखवाजी वारला आणि मंडळ गप्प झालं. आज तोच पखवाज देवळातल्या काचेच्या कपाटात ठेवून सरपंचांनी हार घातला. “आपला वारसा जपला,” ते म्हणाले. पखवाजीची बायको रंभाबाई मात्र टाळ्या वाजवेना. तिच्या मुठीत कणकेचा गोळा होता. पखवाज घुमावा म्हणून त्याला लावायची कणीक नवऱ्याला तीच मळून द्यायची, अन् तो शेतावर गेला की गुपचूप वाजवूनही बघायची. सरपंच कुलूप लावणार, तोच तिनं कपाटातला पखवाज मांडीवर ओढून डाव्या पुडीच्या कातड्यावर कणीक थापली. “काकी, तो जपायचा हाय!” ते ओरडले. “मुका ठिवून कसला जपताय?” म्हणत तिनं थाप दिली. म्हाताऱ्या टाळकऱ्यांनी आपसूक टाळ उचलले. गजर संपल्यावर तिनं पुडीवरची कणीक खरवडली आणि कुलपाच्या भोकात गच्च कोंबली.