उत्तरापुरती जागा

अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, माझा रूममेट श्रीरंग अॅक्सिडेंटला आठ दिवस झाले तरी आयसीयूत बेशुद्धच होता, तेव्हा त्याच्या आईची कॅसेट आली. आमची तार सांगलीला पोचायच्या आधीच पोस्ट केलेली. मी प्लेअर घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलो. काकूंना टेपची सवय नव्हती. फोनवर बोलल्यासारखं "रंगा, जेवलास का रे?" असं विचारून त्या चक्क उत्तरासाठी थांबत. टेप नुसती खरखरत राही.

"त्या का थांबल्या?" नर्स डोरिसने विचारलं. मी सांगितलं.

"'येस, मॉम'ला तुमच्याकडे काय म्हणतात?"

त्या दिवसापासून नळीतून त्याला अन्न देताना डोरिस रोज कॅसेट लावायची आणि काकू थांबल्या की ठणकावून म्हणायची, "हो, आई."

"त्याला काही ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"नसेल येत. पण त्या विचारतायत आणि मी त्याला जेवू घालतेय. मग उत्तर नको द्यायला?"

व्हिसा मिळून काकू पोचल्या त्या विसाव्या दिवशी. नळ्यांमधून त्यांनी लेकाचा हात शोधला. "जेवलास का रे?" म्हणाल्या आणि सवयीने थांबल्या.

"हो, आई," पलीकडून डोरिस म्हणाली.

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग विचारलं, "आणि तू गं? तू जेवलीस का?"

डोरिसच्या पोटात सकाळपासून कॉफीशिवाय काही नव्हतं. प्रश्न तिला कळलाही नाही. पण काकू थांबल्या होत्या.

"हो, आई," ती म्हणाली.