माळ्यावरची वही

“साहेब, ते वही मी नेली नाई. तिथंच माळ्यावर हाय, पूजेच्या सामानात. निस्तं वर चढून पाहा,” कडूबा म्हणाला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं बोलणं कागदावर उतरवून घेतलं.

उतरवून घेणारे उत्तमराव विद्यापीठातून आले होते. विद्यापीठाला पन्नास वर्षं होत होती. त्याच्या इतिहासाचा संग्रह करायचा म्हणून जुनी कागदपत्रं, फोटो गोळा करत ते गावोगाव हिंडत होते. उंद्रीत विद्यापीठाचा एक जुना दफ्तरी राहतो असं त्यांना कळलं. गावाने ओळखही करून दिली: वही चोरणारा कडूबा.

वही साधीसुधी नव्हती. विद्यापीठाच्या पहिल्या सभेची, पहिल्या सह्यांची. खंडेनवमीला दफ्तरखान्यात वह्यांची पूजा होई. बारा वर्षांपूर्वी कडूबाने अशीच पूजा उरकली, वही पिवळ्या फडक्यात बांधून समईशेजारी माळ्यावर ठेवली आणि दसऱ्याला गावी आला. इथेच चुकलं. घरी तापाने पंधरा दिवस गेले. परतला तेव्हा वहीची शोधाशोध संपून त्याच्या बडतर्फीचा हुकूम निघाला होता. माळ्यावर आहे, म्हणून त्याने परोपरीने सांगितलं. समईशेजारी दफ्तराची वही कोण ठेवतं, म्हणून साहेब हसले. पुढे त्याने पाच अर्ज केले, पण कुणालाही शिडी लावावीशी वाटली नाही.

तेव्हापासून गावात कुणाची चप्पल हरवली तरी लोक कडूबाकडे बघत. एकटी त्याची बायको विमलबाई ताठ मानेने वावरली. माझ्या माणसाने वहीला हात लावला नाही, हे सांगता सांगता ती सख्ख्या भावाशी भांडली आणि माहेराला मुकली.

उत्तमरावांनी जाताना विचारलं, तुम्हाला काय हवं? कडूबाला काहीच नको होतं. वही विद्यापीठातच सापडली, एवढी एक ओळ छापा, म्हणाला. उत्तमरावांनी शब्द दिला.

दोन महिन्यांनी संग्रहाचं छापील पुस्तक टपालाने आलं. आत वहीचा फोटो होता, म्हणजे ती सापडली होती. कडूबाने मुद्दाम चावडीवर माणसं जमवली, विमलबाईला पुढे बसवलं आणि स्वतः न वाचताच पुस्तक भगवानराव गुरुजींच्या हाती दिलं.

गुरुजींनी खणखणीत आवाजात वाचलं, “पहिल्या सभेची मूळ वही. उंद्री येथील श्री. कडूबा यांनी ती बारा वर्षं आपल्या घरी जपून ठेवली व विद्यापीठास भेट दिली. विद्यापीठ त्यांचे ऋणी आहे.”

आपल्याच माळ्यावर वही बारा वर्षं धूळ खात होती, असं कुठलं कार्यालय छापील? त्यापेक्षा आभार मानणं सोपं. कडूबाने गुरुजींना पुन्हा वाचायला लावलं. तेच निघालं. मागे कुणीतरी हसलं. हे खोटं आहे, असं तो म्हणाला, पण छापलेल्यापुढे त्याचं कोण ऐकणार? माणसं उठून गेली.

विमलबाई त्याच्याबरोबर घरी आली. तिने दार लोटलं, त्याला पाणी दिलं आणि समोर बसली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“मले बी कदी दिसली नाई,” ती म्हणाली. “घरात कुठं ठेवली होती तुमी?”