वेसणीआधी डोळे

तान्ह्या पोळ्याची घाई होती. लकडगंजातल्या कवडूजी सुताराच्या दुकानात लाकडी बैल रांगेनं वाळत होते. काम शिकायला आलेली पंचफुला शेवटचा बैल रंगवत होती.

"आधी वेसण, मंग डोळे," कवडूजींनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आज मात्र तिनं आधी डोळेच काढले.

कवडूजींचा रंधा थांबला. "डोळे आधी काहून काढले वं?"

"विसरली, काका. आता घालून राहिली ना वेसण."

तिनं दोरी मनगटाला गुंडाळली आणि टोक बैलाच्या नाकपुडीत सारलं. छिद्र आरपार होतं, सकाळी तिनंच पाडलेलं. तरी टोक पलीकडून बाहेर आलं नाही. ती थांबली. दोरी मात्र आत जातच राहिली.

"ढकलू नको," कवडूजी हळूच म्हणाले.

"मी नाही ढकलून राहिली, काका."

बैल वीतभरच होता. एवढी दोरी त्याच्यात मावलीच नसती. ओल्या रंगातले डोळे तिच्यावरच खिळले होते.

"सोड वं पोरी, दोरी सोड!"

बोटांतून तिनं दोरी केव्हाच सोडली होती. मनगटावरचे वेढे एकेक करून आपोआप उलगडत होते.

शेवटच्या वेढ्याला तिनं गाठ मारली होती.